बोलून बरे वाटले म्हणजे दुखणे खोटे होते काय?

सध्या एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जात आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: संमोहन उपचाराने किंवा विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचा सराव करून घेणाऱ्या कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपीने, म्हणजे सीबीटीने, पोटाचे, झोपेचे वा पाठीचे दुखणे कमी होत असेल, तर ते मुळात मनाचेच खेळ होते, संमोहनात माणूस दुसऱ्याच्या ताब्यात जातो, सीबीटी म्हणजे ‘चांगले विचार करा’ हा उपदेश, आणि यातून जो आराम पडतो तो निव्वळ विश्वासाचा. वर्षानुवर्षे पोट धरून बसणारा माणूस अशा मजकुरामुळे घरच्यांसमोर खोटा ठरतो, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. उपचार ज्या वाटेने लागू पडतो त्याच वाटेने आजार आला असला पाहिजे, असे वैद्यकात कुठेही गृहीत धरलेले नाही. मोडलेला पाय प्लास्टरमधून निघाल्यावर व्यायामाने पूर्ववत होतो. त्यावरून हाड व्यायामाअभावी मोडले होते असे कोणी म्हणत नाही. इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचे, म्हणजे आयबीएसचे, उदाहरण घ्या. पोटात कळा येणे, पोट फुगणे, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठता, आणि तपासण्या मात्र निर्दोष, असे त्याचे स्वरूप असते. आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचे स्वतंत्र जाळे असते आणि मेंदूशी त्याची दोन्ही दिशांनी अखंड देवाणघेवाण चालू असते. गुदाशयात लहान फुगा हळूहळू फुगवून केलेल्या चाचण्यांत असे दिसले आहे की इतरांना जो ताण जेमतेम जाणवतो तोच यांपैकी अनेक रुग्णांना दुखतो. काहींचा आजार तर आतड्याच्या जंतुसंसर्गानंतर सुरू होतो आणि संसर्ग गेल्यावरही राहतो. मँचेस्टर येथील संशोधकांनी संमोहन उपचारानंतर काही रुग्णांची ही फुग्याच्या चाचणीतली अतिसंवेदनशीलता सामान्य पातळीकडे आल्याचे नोंदवले आहे. तपासणीत काही सापडले नाही याचा अर्थ त्या तपासणीत काही सापडले नाही, एवढाच घ्यावा. रुग्ण नाटक करतो असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

ताब्यात जाण्याची भीती रंगमंचावरच्या खेळांतून आली आहे. उपचारातील संमोहनात रुग्ण झोपलेला नसतो. त्याला आवाज ऐकू येतात, तो बोलू शकतो, आणि नको वाटले तर डोळे उघडून उठू शकतो. पोटाच्या आजारासाठीच्या सत्रात त्याला शांत बसवून श्वास संथ करायला सांगतात, मग स्वतःचा तळहात पोटावर ठेवायला लावून तिथली ऊब आत पसरत असल्याची सूचना देतात. पुढे आतड्याची हालचाल एखाद्या नदीसारखी कल्पून तिचा प्रवाह जोराचा असेल तर संथ, तुंबला असेल तर मोकळा करायला सांगतात. अशी साधारण सात ते बारा सत्रे होतात आणि मधल्या दिवसांत हाच सराव घरी रोज करायचा असतो. हे सगळे जो स्वतः करतो, तो दुसऱ्याच्या ताब्यात आहे असे कसे म्हणावे?

सीबीटीला उपदेश म्हणणाऱ्याने निद्रानाशावरची सीबीटी जवळून पाहिलेली नसावी. रात्री दहाला अंथरुणाला पाठ टेकणारा, सकाळी सातला उठणारा आणि नऊ तासांत जेमतेम साडेपाच तास झोपणारा माणूस घ्या. त्याला आधी एक-दोन आठवडे झोपेची नोंदवही ठेवायला लावतात. मग सांगतात: एक वाजल्याशिवाय अंथरुणावर जायचे नाही, साडेसहाला उठायचेच, झोप येत नसेल तर खोलीबाहेर जाऊन बसायचे, आणि अंथरुणात पडून फोन पाहायचा नाही. अंथरुणातल्या वेळापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास वेळ झोपेत जाऊ लागला की पंधरा-वीस मिनिटे वाढवून देतात. पहिले काही आठवडे फार जड जातात; दिवसा पेंग येते, म्हणून वाहन चालवताना जपावे लागते, आणि अपस्मार किंवा बायपोलर आजार असलेल्यांनी हा भाग देखरेखीशिवाय करू नये. याला ‘चांगले विचार करा’ म्हणणे हा त्या रुग्णाच्या कष्टांवर अन्याय आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशासाठी झोपेच्या गोळीच्या आधी याच उपचाराची शिफारस केली.

राहिला विश्वासाचा मुद्दा. तो रास्त आहे आणि संशोधकांनीही तो विचारला आहे. पोटविकारतज्ज्ञ पीटर व्हॉर्वेल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये आयबीएसच्या, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या ३० रुग्णांवर संमोहनाचा प्रयोग केला, तेव्हा तुलनेसाठीच्या दुसऱ्या गटाला मानसोपचार आणि औषध नसलेली गोळी असे दोन्ही दिले होते. तरीही संमोहनाच्या गटाला ठळकपणे अधिक आराम पडला. तो प्रयोग लहान होता, हे मान्य. नेदरलँड्समध्ये ३५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तीन महिन्यांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगणारे वैयक्तिक संमोहनाच्या गटात सुमारे ४१ टक्के, सामूहिक गटात ३३ टक्के, तर केवळ माहिती व आधार मिळालेल्या गटात १७ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिकांना पुरेसा आराम मिळाला नाही. पण तुलनेच्या गटाशी असलेला फरकही पुसून टाकता येत नाही. उपचारांविषयी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ पासून, औषधांनी बारा महिन्यांतही फरक न पडलेल्या आयबीएसच्या रुग्णांसाठी संमोहन आणि सीबीटी या दोन्ही उपचारांचा विचार करावा असे म्हटले आहे.

त्या मजकुरात एक वाक्य मला पटले: ‘हे लोक कशावरही इलाज करतो म्हणतात.’ असे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्यापासून दूरच राहावे. धूम्रपान सोडवण्यात संमोहन इतर उपायांपेक्षा सरस ठरते असा पुरेसा पुरावा नाही. जुनाट वेदनेत सीबीटीचा सरासरी लाभ लहान आहे. संमोहनाने विसरलेल्या आठवणी परत आणण्याचे आश्वासन तर धोक्याचे आहे, कारण त्यातून न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या आठवू लागतात. आणि शौचातून रक्त जात असेल, कारण नसताना वजन घटत असेल किंवा पोटदुखी रात्री झोपेतून उठवत असेल, तर आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. संमोहनाचा किंवा सीबीटीचा विचार त्यानंतर.