टेबलावर ठेवलेलं फडकं आणि आण्णांचा ऊस

जर्मनीत कायझरस्लाउटर्नला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी गणिताच्या ज्या सेमिनारला बसले, तिथे वक्त्यानं फळ्याला हात लावण्याआधी टेबलावर राखाडी कापडाचा एक चौकोनी तुकडा ठेवला. इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या फिल्टरचा तो तुकडा होता. एका बाजूला धुळीचा जाड थर, दुसरी बाजू जवळजवळ कोरी. तो म्हणाला, "धूळ वरच अडकते, आत शिरत नाही, म्हणून हा लवकर तुंबतो. आम्हाला ती पार आतपर्यंत पसरायला हवी आहे. मग धागे कसे रचायचे?" तुकडा हातोहात फिरला. शेजारच्या मुलानं तो उजेडाकडे धरून पाहिला, मीही पाहिला. मी बार्शीची. एमएस्सीच्या दोन वर्षांत गणिताच्या वर्गात मला कुणी हातात धरायला काही दिलं नव्हतं.

तासाभरात फळा भरला. त्यात डार्सीचा नियमही आला, म्हणजे सच्छिद्र पदार्थातून पाणी किंवा हवा किती वेगानं झिरपते ते सांगणारं सूत्र. तो मी परीक्षेत पाच मार्कांना लिहिला होता आणि पाचही मिळवले होते. पण तो आंरी डार्सी नावाच्या इंजिनिअरनं वाळू भरलेल्या नळ्यांतून पाणी सोडून शोधला, फ्रान्समधल्या दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामात, आणि १८५६ साली छापला, हे मला त्या दिवशी कळलं. एका गावाला स्वच्छ पाणी पाजण्याच्या खटपटीतून आलेलं सूत्र मी नुसतं पाठ केलं होतं.

हे आठवायला कारण झालं ते आपल्याकडचा एक वाद. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मराठा-कुणबी मुलांसाठीच्या सारथी या सरकारी संस्थेच्या संशोधन फेलोशिपची चर्चा चालू असताना, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, असा सवाल झाला. आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर पहाटेपर्यंत मेसेज येत राहिले. निम्मे चिडले होते, निम्मे म्हणत होते, त्यात चूक काय, पीएचडी होऊन तासिका तत्त्वावरच शिकवायचं आहे ना. तो वाद अजून मिटलेला नाही. फेलोशिपची जागा कमी झाली, प्राध्यापक भरती लांबली, प्राध्यापकीच्या सेट परीक्षेचा निकाल लागला, की पुन्हा उफाळतो.

मला त्या सवालानं वाईट वाटलं. शेतकऱ्याच्या घरातलं पहिलं पोरगं संशोधनापर्यंत पोचतं आणि त्याला तुझा उपयोग काय असं विचारलं जातं, हे बरोबर नाही. पण आमच्या बाजूनं जे उत्तर दिलं गेलं तेही मला पुरेसं वाटत नाही. आम्ही ज्ञानाची महती सांगितली, फेलोशिप हा हक्क आहे असं सांगितलं. संशोधन करणारी मुलगी सोमवारी सकाळी विभागात जाऊन कोणत्या प्रश्नाशी झगडते, हे कुणीच सांगितलं नाही. सांगता आलं नाही, कारण बऱ्याच मुलींना तो प्रश्न दिलेलाच नसतो. गाइडच्या जुन्या पेपरमध्ये एक अट बदलायची आणि पुढचा पेपर काढायचा, एवढंच हाती येतं. हा त्या मुलींचा दोष नाही.

पैशाचं आधी बोलते, कारण ते टाळून करिअरचा सल्ला देणं खोटं आहे. जर्मनीत गणितात पीएचडी करणारी मुलं बहुतेक ठिकाणी नोकरीवर असतात. सरकारी वेतनश्रेणीतला तेरावा गट, त्यातला अर्धा, पाऊण किंवा पूर्ण भाग, हातात करारपत्र आणि पेन्शनची कपात. आपल्याकडे जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. बार्शीत ही रक्कम लहान नाही. पण माझ्या एका मैत्रिणीला ती आठ महिने मिळाली नाही आणि मग एकदम मिळाली. त्या आठ महिन्यांत तिनं क्लासमध्ये अकरावीला शिकवलं आणि तिचं संशोधन तिथेच थांबलं.

इथे सगळं गोडगोड आहे असं मात्र कुणी समजू नये. २००७ च्या एका कायद्यानुसार विद्यापीठात मुदतीच्या करारावर साधारणपणे पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं काढता येतात. तोवर कायम जागा मिळाली नाही तर चाळिशीच्या आसपास दार बंद. जर्मन शिक्षण मंत्रालयाच्या एका व्हिडिओत 'हाना' नावाची काल्पनिक संशोधक दाखवून हा कायदा किती चांगला आहे ते समजावलं होतं. त्यावर २०२१ मध्ये हजारो संशोधकांनी 'मीच हाना' म्हणत आपापली कहाणी लिहिली. त्या वाचताना मला आपले सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे सर आठवत होते, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या.

फरक मला दिसला तो दुसरीकडे. इथल्या मुलांना पीएचडीच्या पहिल्या वर्षापासून माहीत असतं की बहुतेकांना विद्यापीठ सोडायचं आहे, आणि सोडून गेलेली माणसं त्याच सेमिनारमध्ये, त्याच फळ्यापुढे, त्याच मानानं परत येऊन बोलतात. एकदा रत्नांना पैलू पाडण्याच्या कामावर असलेली एक बाई आली होती. आमच्याच राज्यात इडार-ओबरश्टाइन हे रत्न घडवणाऱ्या कारागिरांचं जुनं गाव आहे. प्रश्न असा: खडबडीत कच्च्या खड्यातून, भेगा टाळून, मोठ्यात मोठा पैलूदार खडा कसा काढायचा? त्या खड्याचा एकही बिंदू कच्च्या दगडाबाहेर जाता कामा नये. बिंदू अनंत, म्हणून अटीही अनंत. हे गणित इथल्या फ्राउनहोफर संस्थेत सोडवलं गेलं. ती संस्था १९९५ साली हेल्मुट न्यून्झर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली आणि तिच्या खर्चाचा मोठा भाग अशाच उद्योगांच्या कामांतून निघतो. त्या बाईंनी पहिली दहा मिनिटं स्वतःचं फसलेलं मॉडेल दाखवलं. का फसलं, कारागिरानं ते कसं पकडलं, हेही सांगितलं. शेवटी एका मुलानं पगार विचारला आणि तिनं आकडा सांगितला. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही.

आमच्या कॉलेजात करिअर मार्गदर्शन व्हायचं तेव्हा परीक्षा पास झालेले अधिकारी यायचे. ते मनापासून बोलायचे, रोज किती तास अभ्यास केला ते सांगायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो. पण फसलेलं मॉडेल मला कुणी दाखवलं नाही. गणित शिकून औषधाच्या, विम्याच्या किंवा पंपाच्या कंपनीत गेलेलं माणूस तर पाहिलंही नाही. पुण्याच्या कारखान्यांत तशी माणसं तेव्हाही असणार. त्यांना कुणी बोलावलं नाही.

याहून मोलाची एक रीत ऑक्सफर्डमधून आली. १९६८ मध्ये ॲलन टेलर आणि लेस्ली फॉक्स यांनी अभ्यासगटाचा आठवडा सुरू केला. सोमवारी कंपन्यांची माणसं येऊन आपापली अडचण मांडतात, गणिती मंडळी ज्याला जी आवडेल त्या खोलीत जाऊन बसतात, आणि शुक्रवारी जे काही हाती लागलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. उत्तर अर्धवट असलं तरी चालतं. विद्यार्थी आणि प्रोफेसर एकाच फळ्यावर लिहितात. ही रीत आता कितीतरी देशांत चालते आणि तिला लागतात पाच दिवस, चार खोल्या आणि भरपूर खडू. म्हणून पैसे नाहीत हे कारण मी इथे मानत नाही.

आपल्याकडे मुलांना बोलतं करता येत नाही, हेही मी मानत नाही. मी एमएस्सीच्या पहिल्या वर्षानंतर एमटीटीएस या गणिताच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी वर्गाला गेले होते. कुमारेसन सरांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. तिथे शिक्षक सिद्धांत सांगून मोकळे होत नाहीत, तुम्हाला तो वाटेत सापडेपर्यंत विचारत राहतात. मी इंग्रजीत अडखळत का होईना, आयुष्यात पहिल्यांदा फळ्याजवळ जाऊन "हे मला पटत नाही" म्हणाले ते तिथे. आणि उद्योगाचं गणित परकं आहे असंही नाही. न्यून्झर्ट यांनी या विषयावरचं एक पुस्तक २००० साली अलीगढच्या ए. एच. सिद्दीकींसोबत लिहिलं आहे. ते माझ्या टेबलावर असतं.

मग आपल्या तालुक्यांतले सोमवारचे प्रश्न कुठले? मला दूर जावं लागत नाही. आमचा चार एकर ऊस आहे. लहानपणी दर हंगामात घरात एकच विषय: ऊसतोडणीची टोळी कधी येणार. कारखान्याच्या नोंदी ठेवणाऱ्या चिटबॉयला फोन, गटऑफिसला खेपा. एका वर्षी उसाला तुरा आला, रानातून चालताना पांढरे शेंडे अंगावर यायचे, आणि आण्णा बांधावर उभे राहून नुसते बघत राहायचे. तुरा आला की वजन आणि साखर दोन्ही घटत जातात. उलट बाजूला तोडलेला ऊस गाडीतळावर जितका ताटकळेल तितका साखरेचा उतारा पडतो. लागणीच्या तारखा, उसाची जात, कारखान्यापासूनचं अंतर, टोळ्यांची संख्या, रोजची गाळप क्षमता, हे सगळं कारखान्याच्या नोंदीत असतं. कोणत्या रानात कोणत्या दिवशी कोयता लावायचा, हा पीएचडीच्या तोडीचा प्रश्न आहे. वशिला गणितानं जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण कुणाचा नंबर किती दिवस मागे ढकलला गेला आणि त्यात त्याचं किती नुकसान झालं, हे कागदावर येईल.

कांद्याची चाळ दुसरी. कांद्याच्या ढिगातून हवा कशी खेळते, हा त्या फिल्टरच्या फडक्याचाच प्रश्न. सूत्रही तेच, दिझाँचं.

गेल्या महिन्यात माझ्या कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, "ताई, नेटची तयारी अजून एक वर्ष करू का?" कर, असंच मी म्हटलं, जेआरएफशिवाय घरून परवानगी मिळणं अवघड आहे हे मला कळतं. पण सोबत पायथन ही संगणकाची भाषा शीक, आणि तुझ्या गावातली एक अडचण दोन पानांत लिही, जी तुझ्या वडिलांना वाचून कळेल. तिनं तीन दिवसांनी पाठवलं. विषय होता उन्हाळ्यात गावाला येणाऱ्या टँकरच्या फेऱ्या. आकडे तिनं ग्रामपंचायतीच्या वहीतून उतरवून घेतले होते, दोन ठिकाणी खाडाखोड होती.

डिसेंबरात मी सुट्टीवर येते आहे. कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं तेव्हा मी विभागप्रमुखांना विनंती केली की अर्धा वेळ कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यांना द्या. त्यांना मीच फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, पोरांना मी काय सांगू? मला गणितातलं काही येत नाही." मी म्हटलं, तोडणी प्रोग्रॅम लावताना तुमची झोप कशानं उडते, तेवढं सांगा, आणि गेल्या हंगामाचं नोंदीचं रजिस्टर घेऊन या. रजिस्टरला वरून परवानगी लागेल म्हणाले. ती मिळवण्याच्या खटपटीत आता आम्ही दोघं आहोत.