साप चावल्यावर जिभेवर थेंब नकोत, थेट रुग्णालय गाठा

पावसाळा तोंडावर आला की साप चावल्यावर घरीच करायच्या उपायांचा हा मेसेज उगवतोच. ‘प्रत्येकाने घरात ठेवा, एक जीव वाचवा, पुढे पाठवा.’ यंदा तो माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावशीचं घर शेताला लागून, मागे सरपणाची रास, रात्री अंथरूण जमिनीवर. तिनं तालुक्याहून त्यात सांगितलेल्या औषधाची बाटली मागवून कपाटात ठेवलीसुद्धा. ‘आता पान लागलं तरी काळजी नाही गं,’ असं ती फोनवर म्हणाली. पान लागणं म्हणजे साप चावणं. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण हा मेसेज तिच्या एकटीकडे आलेला नाही.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: भारतात सापांच्या ५५० जाती, त्यातल्या जेमतेम १० विषारी, बाकी माणसं भीतीनं मरतात. त्रिकोणी डोकं असेल तर साप विषारी. दोन दातांच्या खुणा असतील तर चावा विषारी. चावल्यावर वर घट्ट बांधा, सिरिंजचं पुढचं टोक कापून रक्त ओढून काढा, आणि ‘नाजा २००’ हे होमिओपॅथीचं औषध दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका. शिवाय घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडा, लसूण ठेवा, आणि साप मारलात तर जोडीदारापासून सांभाळून राहा.

आधी त्या औषधाचं बघू. बाकीच्या मुद्द्यांनी नुकसान होतं, यानं माणूस जातो.

‘नाजा’ म्हणजे नागाचं विष. २०० चा अर्थ, ते शंभरास एक या प्रमाणात पातळ करायचं आणि हे दोनशे वेळा करायचं. अशा बारा-तेरा पायऱ्यांनंतरच मूळ विषाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. पुढच्या एकशेऐंशीहून जास्त पायऱ्या म्हणजे नुसत्या द्रवात द्रव मिसळणं. आणि क्षणभर धरून चालू की नागाचं काही त्यात उरलं, तरी घोणस चावली तर काय? तिचं विष रक्त गोठू देत नाही आणि मूत्रपिंडं निकामी करतं. नागाचं आणि मण्यारचं विष मज्जातंतूंवर जातं. सगळ्यांना एकच बाटली कशी चालेल, हा प्रश्न पुढे पाठवणाऱ्या एकालाही पडत नाही?

विषावर विषच उतारा, हे वाक्य अगदीच हवेतलं नाही, एवढं मान्य करते. रुग्णालयात मिळणारं प्रतिविष विषाच्या मदतीनंच बनतं. घोड्यांना थोडं थोडं विष टोचत नेतात, त्यांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार होतात आणि ती वेगळी काढून कुप्यांत भरतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर चालतं. ते शिरेतून द्यावं लागतं, सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात, आणि लहान मुलालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावी लागते, कारण सापानं मूल बघून विष कमी सोडलेलं नसतं. त्याची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून डॉक्टर शेजारी हवेत. जिभेवरच्या थेंबांशी याचं कसलंही नातं नाही.

‘पण आमच्या गावात एकाला गुण आला!’ येणारच. बहुतेक चावे बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. अशा माणसाला थेंब दिले, मंत्र घातला किंवा काहीच केलं नाही, तरी तो उठून बसतो. श्रेय मात्र थेंबांना मिळतं.

खरा घात त्या ‘दहा-दहा मिनिटांनी तीनदा’ मध्ये आहे. एक तर अर्धा तास घरी बसणं आलं, आणि त्यानंतर माणूस बरा दिसला की निर्धास्त होणं आलं. मण्यार रात्री चावतो, बहुधा जमिनीवर झोपलेल्याला. चावा डासाच्या चाव्याइतकाही जाणवत नाही, सूज नाही, पुष्कळदा खूणही सापडत नाही. काही तासांनी पोटात दुखू लागतं, मळमळतं, घरचे म्हणतात काहीतरी खाण्यात आलं. मग पापण्या जड होतात, उघडल्या तरी उघडत नाहीत, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. ही भीती नव्हे. मण्यारचं विष एकदा मज्जातंतूंच्या टोकांना भिडलं की प्रतिविषही झालेलं नुकसान मागे फिरवू शकत नाही, माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवून वाट बघावी लागते. म्हणून वाया गेलेला अर्धा तास साधा नसतो.

‘भीतीनं मरतात’ म्हणणाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध झालेला सर्पदंशमृत्यूंचा देशव्यापी अभ्यास बघावा. घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणं विचारून केलेला. त्यानुसार भारतात २००५ साली सुमारे ४५,९०० माणसं सर्पदंशानं गेली. त्यांतली ९७ टक्के ग्रामीण भागातली. आणि ७७ टक्के माणसं रुग्णालयात मेली नाहीत, बाहेर मेली. कुणी घरी, कुणी वाटेत. या देशात सर्पदंशावर कमतरता घरगुती उपायांची नाही, वेळेत रुग्णालय गाठण्याची आहे. हा मेसेज नेमका तोच वेळ खातो.

सिरिंज आणि दोरीचंही तेच. विष दातांतून आत खोल शिरतं आणि पसरतं, बाहेरून ओढून रक्त येतं, विष राहतंच. चाव्यावर चिरा दिल्यात आणि साप घोणस निघाली, तर रक्त गोठतच नाही आणि जखम वाहत राहते. घट्ट बांधल्यानं रक्तपुरवठा तुटून बोट किंवा पाय गमवावा लागू शकतो, आणि बंध एकदम सोडला की अडलेलं विष एकदम अंगात जातं. अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ मात्र लगेच काढा, सूज आली की निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून तो हात किंवा पाय स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, चावल्याची वेळ लक्षात ठेवा, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं निघा. साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ घालवू नका. घोणशीचा संशय असला तर डॉक्टर थोडं रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग नळी तिरकी करतात. रक्त अजून पातळच असेल तर विष भिनलंय हे कळतं. साप बघायची गरजही पडत नाही.

आता ओळख. घोणशीचं डोकं त्रिकोणी असतं, फुरशाचंही, इथवर खरं. पण नाग आणि मण्यार यांची डोकी तशी नसतात, म्हणजे चौघांपैकी दोघे या चाचणीत ‘बिनविषारी’ ठरले! उलट काही निरुपद्रवी साप डिवचल्यावर डोकं चपटं करून त्रिकोणी दाखवतात. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत तर जाणतेही फसतात. मण्यारचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीनं, मानेपासून अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक असतात. कवड्याचे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. दिवे गेलेले असताना, बॅटरीच्या उजेडात, पळत्या सापाच्या अंगावर हे बघायला जाणार कोण? घोणशीला अजगराचं पिल्लू समजून उचलण्याची चूकही माणसं करतात. ओळखता आलं नाही तर विषारी समजून लांब राहायचं.

५५० आणि १० हे आकडे चुकीचे आहेत. आपल्याकडे जाती तीनशेच्या आसपास आणि विषारी साठेक. बहुतेक साप बिनविषारी, हे खरंच आहे, पण मावशीच्या अंगणात जाती मोजायच्या नसतात.

कार्बोलिक ॲसिडनं साप थांबत नाही, अंगणात खेळणाऱ्या पोराची कातडी मात्र भाजते. लसणानं काही होत नाही. जोडीदार सूड घेत नाही, साप चेहरे लक्षात ठेवत नाहीत. साप येतो तो उंदरांमागे. सरपण आणि विटा भिंतीपासून लांब रचा, दाराखालची फट बुजवा, सांडलेलं धान्य उचला, रात्री बॅटरी घेऊनच बाहेर पडा. खाटेवर झोपा, आणि जमिनीवरच झोपणं भाग असेल तर मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी नीट खोचा.

घरात जनावर दिसलंच तर काठी शोधायला धावू नका, बरेचसे चावे मारायला किंवा पकडायला गेल्यावरच होतात. मुलं आणि कुत्रं-मांजर बाहेर काढा, खोलीचं दार लावा, फटीशी गोणपाट दाबा. उघड्यावर असेल तर लांबून नजर ठेवा, कारण दिसेनासा झालेला साप पकडायला सर्पमित्रालाही अवघड जातो. वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. अंगणातून तो आपल्या वाटेनं निघाला असेल तर जाऊ द्या.