ग्रीस 'डन' म्हणे!

सकाळी चुलतभावाचं स्टेटस बघितलं. 'ग्रीस डन!' चोवीस फोटो, त्यातले बावीस सँटोरिनी बेटाचे. पांढऱ्या भिंती, निळे घुमट, वहिनीची उडती ओढणी. एक विमानतळाचा. आणि एक सेल्फी, खाली लिहिलंय 'वाटेत एक ब्रिज'.

वाटेत एक ब्रिज?? अरे बाबा, तो कॉरिंथचा कालवा आहे! ग्रीसची मुख्य भूमी आणि दक्षिणेचा पेलोपोनीज द्वीपकल्प यांच्यामधला.

आमचीही बस तिथे दहाच मिनिटं थांबली होती. टॉयलेट, सेल्फी, चला. आई मात्र कठडा धरून खाली बघत राहिली. दोन्हीकडे उभे तासलेले पिवळट कडे आणि पार तळाशी निळ्या पाण्याची फीत. तीस वर्षं पाचवीला भूगोल शिकवलाय तिने. म्हणाली, "तीन बाजूंना पाणी म्हणजे द्वीपकल्प. मग चौथ्या बाजूला हे खणल्यावर पेलोपोनीज बेट झालं की रे?"

बसमध्ये एकालाही उत्तर आलं नाही.

गंमत म्हणजे पेलोपोनीज या नावाचाच अर्थ 'पेलोप्सचं बेट' (पेलोप्स हा ग्रीक पुराणकथेतला राजा). जमिनीला चिकटलेलं होतं तेव्हाही जुने ग्रीक त्याला बेटच म्हणायचे. दक्षिणेचा वळसा वाचवायला त्यांनी या चिंचोळ्या पट्टीवर दगडी रस्ता बांधला आणि जहाजं चक्क जमिनीवरून ओढून पलीकडे नेली. इ.स. ६७ मध्ये रोमन सम्राट नीरोने कालवा खणायला घेतला, तो अर्धवट राहिला. पुरा झाला थेट १८९३ साली. आणि आपण तिथे लघवीला उतरतो!

पुढे पाऊण तासावर मायसीनी हे प्राचीन नगर. ३२०० वर्षांपूर्वीचं सिंहद्वार, सिंहांची डोकी गेलीत पण ऐट तीच. ऑलिम्पिया याच भूमीवर, स्पार्टा इथेच, एपिडॉरसचं प्राचीन थिएटर इथेच. आमची बस पुलावरूनच मागे फिरली.

बरं, बेटं सुंदर आहेत. रजाही सातच दिवस मिळते. मान्य. पण 'डन'?

जाऊ दे. भावाला काय बोलू? त्या दिवशी "काकू, सगळे खोळंबलेत" अशी हाक आल्यावर आईचा दंड धरून तिला बसकडे ओढत आणणारा मीच होतो. लोक बघत होते म्हणून लाज वाटली मला. नावाचा अर्थसुद्धा घरी आल्यावर वाचला.

आत्ता तिला ते फोटो दाखवले. घुमट छान आहेत म्हणाली. मग त्या सेल्फीवर थांबली, दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर-खाली केला.

"अरे, पाणी कुठाय? पाणीच कापलंय याने."