साहेब, पोस्ट अशी लिहा

तुम्ही कंपनीचे संस्थापक. रोज सकाळी लिंक्डइनवर काहीतरी लिहिता, तरी लाइक्स दोनशेच्या पुढे सरकत नाहीत, हे काही बरं नाही. मी पुण्यात छोटा छापखाना चालवतो, मला लिहिण्यातलं काय कळणार! पण लोकांचा मजकूर तीन-तीनदा वाचून छापण्यात जन्म चाललाय, म्हणून चार गोष्टी सुचवतो. फुकट. तशीही तुमची कामं मी फुकटच करतो.

एका ओळीत एकच वाक्य. मग एक ओळ कोरी. 'आज एका मुलाला नोकरी दिली.' कोरी ओळ. 'त्याच्याकडे डिग्री नव्हती.' कोरी ओळ. वाचणाऱ्याने तळमळून पुढचं उघडलं पाहिजे. 3000 अक्षरांची मुभा आहे, त्यातली निम्मी हवेला द्या.

आठवड्यातून एकदा तुम्हाला नेतृत्वाचा धडा देणारा रिक्षावाला भेटू द्या. फक्त तो मीटरने आला असं लिहू नका, पुण्यात कोणी विश्वास ठेवणार नाही.

माणसं काढलीत तर रडतानाचा सेल्फी टाका. 2022 मध्ये अमेरिकेतल्या एका सीईओने टाकला होता, जगभर नाव झालं.

कामाच्या तासांवर मत हवंच. नारायण मूर्ती 2023 मध्ये आठवड्याला 70 म्हणाले, 2025 मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन 90 वर गेले. आठवड्यात 168 असतात, अजून बरीच जागा आहे.

आणि व्हेंडरला व्हेंडर म्हणू नका. परवा तुम्ही लिहिलंत तसं लिहा, 'आमचे व्हेंडर म्हणजे आमचं कुटुंब.' सोबत फोटो. कॉफीचा मग, मागे खिडकी, पुढे निळी डायरी. ती डायरी मी ओळखतो. 600 नग, डिसेंबरची ऑर्डर, नेहमीसारखी घाईची. लोगोवरचं सोनेरी फॉइल तुमच्या मार्केटिंगच्या मॅडमना 'जरा जास्तच पिवळं' वाटलं, म्हणून दोनदा रोल बदलला. शेवटच्या रात्री दीडपर्यंत बाइंडरला बसवून ठेवलं. फोटोत कव्हरच्या कोपऱ्याला बारीक सुरकुती दिसते बघा, ती त्या दीड वाजताची.

आता ऑगस्ट चालू आहे. बिल 'प्रोसेसमध्ये' आहे. त्यावरचा जीएसटी मी जानेवारीतच भरला, माझ्या खिशातून, कारण सरकारला तुमची पेमेंट सायकल कळत नाही. कागदवाल्याने त्याचे पैसे महिन्यात वसूल केले, तो कुटुंबातला नाही ना! माझ्यासारख्या लहान उद्योगाचे पैसे फार तर 45 दिवसांत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. बिलावर उद्यम नंबर, म्हणजे लहान उद्योगाचा सरकारी नोंदणी क्रमांक, ठळक टाइपात आहे, छापखाना घरचाच असल्यामुळे छापायला काय जातंय. तक्रारीसाठी सरकारी पोर्टलही आहे. पण तक्रार केली की पुढची ऑर्डर गेली, हे तुम्हालाही ठाऊक आणि मलाही. या एका गोष्टीवर तर तुमचं कुटुंब चाललंय.

लाज वाटत नाही हो? माझीच डायरी कॉफीशेजारी ठेवून कृतज्ञतेवर निबंध लिहिता आणि फोन केला की अकाउंट्सचा माणूस रजेवर. मार्चपासून रजेवर आहे तो! एवढी रजा देत असाल तर त्यावर लिहा ना पोस्ट. माझ्या बाइंडरला पोरीची फी भरायची होती, त्याला मी त्याच रात्री रोख दिले. कंपनी नाही माझी, लिंक्डइनवर कोणी ओळखत नाही, तरी दिले. काही दिवस लिहिणं बंद करा आणि आधी लोकांचे पैसे चुकते करा.

त्या पोस्टखाली 'खूप सुंदर, सर' लिहिणाऱ्यांत मीही होतो. दिवाळीच्या ऑर्डरकडे डोळा ठेवून. ती कमेंट काल काढून टाकली. बिल तुमच्या मेलवर पुन्हा पाठवलंय, सातव्यांदा.