अडतीस शब्दांचा हिशेब

शिंप्याकडून ब्लाउज आखूड शिवून आला की बाई पहिला प्रश्न विचारते, "उरलेलं कापड कुठंय?" परवा मला एका फ्रेंच माणसानं व्हिडिओ कॉलवर नेमकं तेच विचारलं. त्यानं ९६ शब्द पाठवले होते, माझ्याकडून ५८ परत गेले. मधले ३८ शब्द मी घरात ठेवून घेतले, अशी त्याची समजूत.

गृहस्थाचे सान्सेरला द्राक्षमळे आहेत. पांढऱ्या वाइनच्या बाटलीमागचा फ्रेंच मजकूर इंग्रजीत करून हवा होता. दर शब्दाला १२ सेंट, आणि मोजणी इंग्रजी शब्दांची. इथे चूक माझीच. मोजणी नेहमी मुळातल्या शब्दांची ठरवावी, नाहीतर जितकं नीट काम कराल तितकी मजुरी घटते.

कारण फ्रेंच वाइन कधी नुसती पिवळी नसते. ती 'हिरवट झळाळीचा फिकट सोनेरी पोशाख ल्यालेली' असते. 'रोब' म्हणजे झगा खरा, पण वाइनवाले तो शब्द रंगाला वापरतात. इंग्रजीत 'पेल गोल्ड' म्हटलं की काम झालं. पुढे हिचं नाक काहीतरी 'उलगडतं', तोंड काहीतरी 'अर्पण करतं', आणि हे सगळं एकाच वाक्यात, ज्याचं क्रियापद सापडेपर्यंत बाटली कोमट व्हावी. त्या वाक्याचे तीन तुकडे करायचे: दिसते कशी, वास कसला, चव कशी. 'उलगडते', 'प्रकट करते' हे सगळं काढून टाकायचं, इंग्रज वाचकाला त्याची गरज नसते. 'बकरीच्या चीजला साथ देईल' हा भविष्यकाळही नको, 'गुड विथ' पुरे.

मला वाटतं यात थोडा दोष सरकारचा आहे. फ्रान्समध्ये १९९१ च्या एव्हँ कायद्यानं दारूच्या जाहिरातीचे हातपाय बांधले. ही घ्या, मैफल रंगेल, असं म्हणायची सोय नाही. मूळ गाव, करण्याची रीत, रंग, वास, चव, एवढ्यावरच बोलायचं. मग सगळी हौस मातीवर भागवतात.

मातीवरून तर आमचं वाजलंच. सान्सेरमधल्या एका पांढऱ्या चुनखडी मातीला किमेरिजियन म्हणतात, तिच्यात बारक्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडतात. हे नाव इंग्लंडच्या डॉर्सेटमधल्या किमरिज गावावरून पडलंय, तेव्हा इंग्रज गिऱ्हाइकाला ओळखीचं वाटेल, असं मी सहज बोलून गेले. पलीकडे शांतता. मग मालक म्हणाले, "मादाम, आमची माती इंग्रज नाही." तो शब्द त्यांनी स्वतःच कापायला लावला. म्हणजे अडतीसातला एक तरी त्यांच्या खात्यावर.

बाकीचे मी का कापले तेही ऐका. 'नेर्व्हू' म्हणजे आंबटपणा तरतरीत असलेली वाइन. 'नर्व्हस' लिहिलं की ती तोंडी परीक्षेला बसलेली मुलगी होते, म्हणून 'क्रिस्प'. 'आमातर' म्हणजे दर्दी, पण इंग्रजीत तोच शब्द हौशी, शिकाऊ माणसाला लावतात. 'दर्दींना मोहवील' याचं सरळ रूपांतर 'नवशिक्यांना फूस लावील' असं होतं. ते वाक्यच काढलं.

'बुई' म्हणजे बॉक्सवूड, बागेच्या कुंपणाला लावतात ते झुडूप. ही वाइन ज्याची, त्या सोव्हिन्यों द्राक्षाचा वास त्यासारखा, कमी भिडस्त लोक मांजराच्या मुताचं नाव घेतात. इंग्रज मात्र त्याच वाइनमध्ये गूजबेरी शोधतो. मुळात नसलेलं फळ मी घालायचं का? घातलं नाही. आपल्याकडे तर आणखी गोंधळ, कोशात आवळाही गूजबेरी आणि बाजारातली रसभरीही गूजबेरी. दोन्ही नव्हेत ती.

आणि 'क्रोतँ द शाव्हिन्योल'! क्रोतँ म्हणजे घोड्याची लीद. पण हे सान्सेरशेजारच्याच गावचं बकरीचं चीज, १९७६ पासून संरक्षित नाव, त्याचा अनुवाद करायचाच नाही. मी नाव तसंच ठेवून पुढे 'गोट्स चीज' हे दोन शब्द पदरचे घातले. वाढवलेल्या शब्दांचं कौतुक कुणी करत नाही.

एवढं सांगून होतंय तोवर पडद्यावर दुसरं डोकं आलं. मालकांचा भाचा. लंडनच्या एका रेस्टॉरंटात दोन उन्हाळे वेटर होता, त्यामुळे घरातलं इंग्रजी खातं त्याच्याकडे. त्यानं प्रिंटवर बोट ठेवलं. "इथे टायपो आहे."

शब्द होता 'लीज'. आंबवण झाल्यावर तळाशी मेलेल्या यीस्टचा गाळ बसतो, त्यावर वाइन काही महिने ठेवली की तिला अंग येतं. फ्रेंचमध्ये तो गाळ लिहितात एल-आय-ई-एस, इंग्रजीत एल-डबल ई-एस.

"मुळात आय आहे," भाचा म्हणाला. "तुम्ही ई टाकलात."

"आय टाकला तर इंग्रजीत त्याचा अर्थ थापा होतो."

"संदर्भावरून कळेल की."

"'आठ महिने उत्तम थापांवर वाढवलेली.' यातून काय कळेल?"

मालकांनी भाच्याकडे पाहिलं. भाच्यानं छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "दोन वर्षांत एकाही टेबलावर मी हा डबल ईवाला शब्द ऐकला नाही."

आता उच्चार ऐकून स्पेलिंग कसं कळतं, आणि पास्ता वाढताना कोण कुणाशी गाळाबद्दल बोलतं, हे मी विचारलं नाही. ऑक्सफर्डच्या शब्दकोशातलं पान पाठवलं. त्यानं ते मोठं करून, डोळे बारीक करून वाचलं आणि मामाला हळूच म्हणाला, पण मला नीट ऐकू येईल इतकं, "भारतात वापरत असतील."

पुण्यात बसून फ्रेंच शिकले, फ्रेंचमधून इंग्रजीत पोट भरते, त्यामुळे दोन्ही भाषा मी उसन्या आणल्यात असं दोन्हीकडच्यांना वाटतं, याची सवय आहे. पण ऑक्सफर्ड भारतात? त्या रात्री जेवण गेलं नाही.

काल छपाईला गेलेल्या लेबलची प्रत आली. १०४ शब्द. वाइननं 'ब्यूटिफुल ड्रेस' घातलाय, ती 'नर्व्हस' आहे, 'अ‍ॅमॅच्युअर्स'ना 'सिड्यूस' करणार आहे. 'रेझँ' म्हणजे द्राक्षं, भाच्यानं ती हातानं खुडलेले मनुके करून टाकली. आणि शेवटून दुसऱ्या ओळीत, ठळक अक्षरांत, 'रेझ्ड ऑन फाइन लाइज फॉर एट मंथ्स'.

सोबत हिशेब. माझे शब्द ५८, पैकी भाच्यानं दुरुस्त केलेले ११ वजा, उरले ४७, त्याचे ५ युरो ६४ सेंट. बँकेनं त्यातून वटणावळ कापलीय.