चाकाचे पाय कसे धुणार?

एकात एक अडकलेली जळती चाकं, त्यांवर डोळेच डोळे, आणि खाली ओळ: 'बायबलमधले खरे देवदूत असे दिसतात. पंखवाली देखणी माणसं ही चित्रकारांची थाप. म्हणून तर देवदूत आला की आधी "भिऊ नको" म्हणतो.' पोस्ट पुन्हा फिरतेय.

चाकं बायबलमध्ये आहेत, यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात. पण तिथं त्यांना कुणी देवदूत म्हणत नाही. चार तोंडांच्या प्राण्यांशेजारी ती फिरतात. त्या प्राण्यांना १०व्या अध्यायात करूब, म्हणजे देवाच्या आसनाजवळचे पंखवाले जीव, म्हटलंय. चाकांना देवदूतांत जागा दिली ती नंतरच्या यहुदी परंपरेनं. निरोप आणतो तो दूत. मूळ हिब्रू 'मलाख'चाही अर्थ तोच. आणि हे निरोपे माणसांसारखे दिसतात. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात दोन देवदूत सदोम शहरात येतात, तर तिथं राहणारा लोट त्यांना पाय धुवायला सांगतो, बेखमीर भाकरी भाजून जेवू घालतो. चाकाचे पाय कसे धुणार?

'भिऊ नको'चंही तसंच. शुभवर्तमान लिहिणारा लूक म्हणतो, येशूची आई मरीया गब्रीएल या दूताच्या बोलण्यानं गोंधळली. त्याच्या रूपाबद्दल अवाक्षर नाही. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या शेवटी येशूच्या कबरीपाशी उतरलेला दूत विजेसारखा लखलखतो आणि पहारेकरी थरथर कापतात, हे कबूल. पण तिथंही ना चाक, ना डोळ्यांची रांग.

राहिले चित्रकार. निरोप्या दूतांना मजकुरात पंख नाहीत, एवढं पोस्टच्या पदरात टाकू. रोममधल्या प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत मरीयेसमोरचा दूत बिनपंखांचाच रंगवलाय. पंख दिसू लागतात चौथ्या शतकाच्या अखेरीस, बहुधा रोमन विजयदेवतेकडून उसने घेतलेले. पण चाकं कुणी दडवली? सहाव्या शतकातलं राब्बुला या लेखनिकाचं सिरियाक भाषेतलं सचित्र शुभवर्तमान फ्लोरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयात आहे. त्यातलं येशूच्या स्वर्गारोहणाचं पान बघा. वर येशूच्या पायांखाली वेगवेगळी तोंडं, डोळ्यांनी भरलेले पंख आणि जळती चाकं. खाली, त्याच पानावर, शिष्यांची समजूत घालणारे दोन पंखवाले देवदूत. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हे दोघे 'शुभ्र वस्त्रं घातलेले पुरुष' आहेत. म्हणजे पंख पदरचे घातले खरे, पण चाक कोणतं आणि दूत कोण, यात चित्रकाराचा घोळ नाही.

देवदूत म्हणून रंगवलेल्या गुबगुबीत बाळांची बाजू मात्र मी घेणार नाही. चित्रकार राफाएलच्या 'सिस्टाइन मॅडोना' या चित्राच्या तळाशी कोपरं टेकून बसलेली ती दोन कार्टी रोमन कामदेवाच्या कुळातली. त्यांना खुशाल झोडा.