शरदातील चिनी पथ्ये : दोन आक्षेपांना उत्तर

शरदातील चिनी पथ्यांवरच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभारी आहे. शरद ऋतूशी फुफ्फुस, धातुतत्त्व (चिनी पंचतत्त्वांपैकी धातू) आणि शोक यांची सांगड घालणारे चिनी वैद्यक हा कल्पनाविलास आहे, आणि शरदात पित्त प्रकोप पावते असे आयुर्वेद सांगत असताना कोरडेपणावरची चिनी पथ्ये मराठी वाचकांना सांगण्याचे कारण नाही, असे आपले दोन आक्षेप आहेत.

दुसरा आधी घेतो, कारण खरा मुद्दा त्यात आहे. बीजिंगमध्ये वर्षातला बहुतेक पाऊस जून ते ऑगस्टमध्येच पडून जातो आणि मग मंगोलियाच्या बाजूने थंड, कमालीची कोरडी हवा येऊ लागते. ओठ फुटतात, घसा खवखवतो, कोरडा खोकला लागतो. शरदाचा दोष तिथे कोरडेपणा ठरला, यात नवल नाही. पावसाळ्यात गारव्याला सरावलेल्या शरीरावर एकाएकी ऊन पडले की साचलेले पित्त खवळते, असे आयुर्वेदाचा प्राचीन ग्रंथकार वाग्भट सांगतो; ऑक्टोबरचे पुणे अनुभवणाऱ्याला ते सहज पटावे. हवा वेगळी म्हणून निदान वेगळे, इतकेच. काळ, स्थळ आणि व्यक्ती पाहून पथ्य ठरवावे, असा चिनी वैद्यकाचा स्वतःचाच दंडक आहे, आणि शरदाच्या आरंभीचा उष्ण कोरडेपणा व अखेरचा थंड कोरडेपणा असा भेदही ते करते. त्यामुळे ही पथ्ये उत्तर चीनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला जितकी लागू पडतील, तितकी ती कोकणात पडणार नाहीत.

पहिल्या आक्षेपाविषयी मतभेद थोडा आहे. फुफ्फुसाचा धातुतत्त्वाशी संबंध शरीरशास्त्रात सापडत नाही. मी त्याकडे निरीक्षणे लक्षात ठेवण्याची जुनी मांडणी म्हणून पाहतो. मात्र खडीसाखर घालून वाफवलेली नाशपती, यिन्अर नावाच्या पांढऱ्या अळंबीचे सूप, लिलीचे कंद, कमळकाकडी आणि मध हा आहार त्या मांडणीशिवायही घशाला सुखावणारा आहे. मधाने खोकला काहीसा कमी होतो, हे चाचण्यांतही दिसले आहे (एक वर्षाखालील बाळाला तो मुळीच देऊ नये, आणि मधुमेह्यांनी खडीसाखरेपासून दूर राहावे).

चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांच्या २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचा दाखला अशा चर्चेत हमखास दिला जातो. मला तो इथे गैरलागू वाटतो, कारण चौथ्या शतकातील ग्रंथाने त्यांना दिशा दाखवली असली, तरी आर्टेमिसिनिन हे त्यांचे औषध मलेरियावर सिद्ध झाले ते प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरील चाचण्यांत. उलट, अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या चिनी वनौषधींमुळे १९९० च्या दशकात बेल्जियममध्ये अनेकांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. कोरड्या खोकल्यावर सांगितल्या जाणाऱ्या जर्दाळूच्या कडू बियांतूनही पोटात सायनाइड तयार होते. म्हणून मी आहारापुरतेच लिहिले आणि औषधी काढ्यांचे प्रमाण दिले नाही.

फ्लूच्या लसीला यातले काहीही पर्याय नाही. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी, मग घरात कोणतेही पथ्य चालू असो.